जुना संगणक डिस्कवर घालून कुठेही नेता येईल का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मिरजेत आमचा छोटा छापखाना आहे. सासऱ्यांच्या काळात खिळ्यांची जुळणी चालायची. मी लग्न होऊन आले तेव्हा संगणक आला होता. तेव्हापासून सगळं काम विंडोज एक्सपीवर, पेजमेकर सात या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीचे मराठी फाँट वापरून करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. आता तो संगणक सुरू व्हायलाच फार वेळ घेतो आणि मदरबोर्ड गेला तर दुसरा मिळणार नाही, असं दुरुस्तीवाले सांगतात. भाचा म्हणतो, 'मामी, याची व्हर्च्युअल मशीन करून बाहेरच्या डिस्कवर ठेवू. मग छापखान्यात, घरी, छपाईच्या प्लेट करणाऱ्या प्लेटवाल्याकडे, कुठल्याही संगणकाला लाव, तुझा एक्सपी सुरू.' हे खरंच होतं का? आमच्या फाँटचं यूएसबी लॉक, म्हणजे जे लावल्याशिवाय फाँट चालत नाहीत ते, त्यात चालेल का?
— एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : होतं, ताई. भाचा बरोबर सांगतोय, पण त्यातल्या अटी त्याने सांगितलेल्या दिसत नाहीत. त्या मी सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारखी पत्रं सांगली-कोल्हापूरकडूनच नव्हे, विदर्भातूनही येतात. मराठीतला कितीतरी छापील मजकूर आज अशाच एखाद्या थकलेल्या एक्सपीच्या भरवशावर आहे.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. बाहेरच्याला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. तुमच्या बाबतीत होस्ट म्हणजे आजचा विंडोज ११ चा संगणक आणि गेस्ट म्हणजे तुमचा एक्सपी. गेस्टला जी हार्डडिस्क दिसते ती प्रत्यक्षात होस्टवरची एक मोठी फाइल असते, आणि म्हणूनच ती उचलून नेता येते. मी तुम्हाला व्हर्च्युअलबॉक्स सुचवेन. त्याच्या फोल्डरमध्ये महत्त्वाच्या गोष्टी दोनच : व्हीडीआय नावाची डिस्कची फाइल, आणि एक छोटी व्हीबॉक्स फाइल, जिच्यात या यंत्राला किती रॅम, कुठलं नेटवर्क, कुठली डिस्क याची नोंद असते. हे फोल्डर नेलं की यंत्र नेलं.

व्हर्च्युअलबॉक्स मूळचं जर्मनीतल्या इनोटेक कंपनीचं, २००७ साली लोकांसाठी खुलं झालेलं. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने इनोटेक घेतली आणि २०१० मध्ये ओरॅकलने सन. त्याचं मूळ पॅकेज मुक्त परवान्याचं आहे, छापखान्यातही विनामूल्य वापरता येतं. एक्स्टेन्शन पॅक नावाची जी जोड मिळते ती मात्र वैयक्तिक वापरापुरती फुकट आहे. धंद्यात वापरायची तर परवाना विकत घ्यावा लागतो. भाच्याला सांगा, ती टाकू नकोस. पूर्वी यूएसबी २ आणि ३ साठी ती लागायची. सातव्या आवृत्तीपासून ती सोय मूळ पॅकेजमध्येच आली आहे.

आता पहिला निर्णय. जुन्या संगणकाची डिस्क जशीच्या तशी उचलून व्हर्च्युअल मशीनमध्ये आणायची की आत नवा एक्सपी टाकून पेजमेकर आणि फाँट पुन्हा बसवायचे? मी दुसऱ्या बाजूची आहे. जशीच्या तशी आणलेली एक्सपीची डिस्क आत सुरू होताना बऱ्याचदा निळ्या पडद्यावर थांबते आणि शेवटी ७बी असा आकडा दाखवते. त्या एक्सपीने जन्मभर एका विशिष्ट डिस्क कंट्रोलरशी व्यवहार केलेला असतो आणि इथे त्याला वेगळाच भेटतो. याला इलाज आहेत, पण ते करता करता दिवस जातो आणि वर वीस वर्षांचा कचराही सोबत येतो. तुमच्याकडे एक्सपीची, पेजमेकरची आणि फाँटची सीडी असेल तर नवं टाका. डिस्क कंट्रोलर आयडीई, म्हणजे एक्सपीच्या ओळखीचा जुन्या पद्धतीचा ठेवा, रॅम एक जीबी पुरे, डिस्क वीस जीबी. ही डिस्क 'डायनॅमिक' ठेवली की जेवढी भरेल तेवढीच जागा घेते.

एक्सपीचा परवाना तपासा. संगणकाच्या पेटीवर चिकटवून आलेला असेल तर तो त्या संगणकापुरताच असतो. वेगळा डबा विकत घेतला असेल तर तो हलवता येतो. जुन्या बिलांच्या फायलीत कागद सापडेल.

एक्सपीला आता सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही; मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी ती थांबवली. त्यामुळे सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर जाऊन अ‍ॅडॅप्टरची खूण काढूनच टाका. आतल्या एक्सपीला इंटरनेट नको. याचा दुसरा फायदा असा की यंत्र दुसऱ्या संगणकावर नेल्यावर नेटवर्कची कुरकुर होत नाही. 'ब्रिज्ड', म्हणजे होस्टच्या नेटवर्क कार्डाला थेट जोडलेलं नेटवर्क ठेवलं तर त्या नोंदीत पहिल्या संगणकाच्या वायफाय कार्डाचं नाव बसतं. दुसऱ्या संगणकात ते कार्ड नसतं आणि मशीन सुरू व्हायला नकार देते.

आता डिस्क. पेन ड्राइव्ह घेऊ नका, बाहेरची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क घ्या. चालू मशीन आपल्या डिस्कवर सतत बारीक बारीक तुकडे लिहीत असते आणि पेन ड्राइव्ह नेमका त्यातच कच्चा असतो. मोठी फाइल एकदम उतरवताना तो बरा वाटतो, पण एक्सपी त्यावरून चालवायला बसलात तर दर क्लिकला थांबावं लागेल. एसएसडी लावताना यूएसबी ३ चं भोक बघा, बहुतेक ठिकाणी आतून निळं असतं. काळ्या यूएसबी २ वर चांगली एसएसडीही रखडते.

डिस्क फॉरमॅट करताना सगळीकडे विंडोजच असेल तर एनटीएफएस. कुठे इंटेलचा मॅक किंवा लिनक्स येणार असेल तर एक्सफॅट. फॅट३२ अजिबात नको, त्यात एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही आणि तुमची व्हीडीआय पहिल्या काही दिवसांतच ती मर्यादा ओलांडेल. एक्सफॅट घेतलंत तर डिस्क 'इजेक्ट' केल्याशिवाय कधीच ओढायची नाही. लिहिणं अर्धवट राहिलं तर सावरून घेणारी नोंदवही एनटीएफएसमध्ये असते, एक्सफॅटमध्ये नसते.

मग तुमचा मुख्य प्रश्न : कुठल्याही संगणकाला लावली की चालेल का? व्हर्च्युअलबॉक्स त्या प्रत्येक संगणकावर आधी बसवलेलं असलं पाहिजे. ते विंडोजच्या गाभ्यात आपला ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम घालतं, त्यामुळे बसवायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. बिऱ्हाड पाठीवर घेऊन कुठेही जाता येतं, पण चूल मांडायची परवानगी घरमालकाकडूनच घ्यावी लागते. छापखान्यात आणि घरी मालक तुम्हीच आहात, तिथे एकदाच बसवून ठेवा. दोन्हीकडे आवृत्ती एकच ठेवा. एका ठिकाणी अपडेट केलंत तर दुसऱ्या ठिकाणीही त्याच आठवड्यात करा.

प्लेटवाल्याकडे मात्र यंत्र नेऊच नका. तो आपल्या संगणकावर तुम्हाला काही बसवू देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. त्याला हवी असते पीडीएफ. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे छपाईच्या भाषेतली फाइल काढा, डिस्टिलर या पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रॅममधून फाँट आतच बसवून (एम्बेड करून) पीडीएफ करा आणि ती पेन ड्राइव्हवर द्या. छपाईसुद्धा एक्सपीतून थेट करायचा हट्ट धरू नका. नव्या प्रिंटरना एक्सपीचे ड्रायव्हरच मिळत नाहीत. पीडीएफ बाहेर काढून होस्टवरून छापा.

दुसऱ्या संगणकावर पहिल्यांदा उघडताना 'मशीन' मेन्यूतलं 'अ‍ॅड' निवडून ती व्हीबॉक्स फाइल दाखवायची. 'इम्पोर्ट' नको, त्याने नवी प्रत तयार होते आणि नेटवर्क कार्डाचा नंबरही बदलू शकतो. एकदा अ‍ॅड केलं की ते नाव यादीत राहतं. डिस्क लावलेली नसेल तेव्हा तिथे 'इनअ‍ॅक्सेसिबल' दिसेल, त्याने घाबरू नका.

व्हीडीआय फाइल कुठे आहे ते व्हर्च्युअलबॉक्स मशीनच्या फोल्डरपासून मोजतं, त्यामुळे ती तिथेच असेल तर डिस्कचं अक्षर ई असो की एफ, फरक पडत नाही. शेअर्ड फोल्डरचं तसं नसतं. बाहेरून आत चित्रं, जाहिराती, मजकूर नेण्यासाठी तुम्ही एक शेअर्ड फोल्डर कराल, त्याच्या नोंदीत 'ई' असं अक्षर बसेल आणि घरच्या संगणकावर ती डिस्क 'एफ' म्हणून लागेल. मग फोल्डर सापडत नाही. म्हणून दोन्ही संगणकांवर डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि या डिस्कला 'पी' असं एकच अक्षर कायमचं द्या. विंडोज ते लक्षात ठेवतं. एक्सपी बसवताना सीडीची इमेज लावली असेल तर तीही काढा. तीच फाइल न सापडल्यामुळे दुसरीकडे मशीन अडलेली मी अनेकदा पाहिली आहे.

बंद कसं करायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. खिडकी बंद करताना व्हर्च्युअलबॉक्स विचारतं : अवस्था साठवू, शटडाउन पाठवू की वीज तोडू? दर वेळी आतल्या एक्सपीला नीट शटडाउन करा. अवस्था साठवली तर त्या क्षणीची सगळी मेमरी आणि प्रोसेसरच्या आतली स्थिती फाइलमध्ये जाते. छापखान्यात इंटेल आणि घरी एएमडी असेल तर ती स्थिती घरच्या प्रोसेसरवर पुन्हा उभी राहत नाही. इंटेलच्याच दोन पिढ्यांमध्येसुद्धा अडू शकते. बंद केलेलं यंत्र मात्र दोन्हींवर निमूट सुरू होतं.

यूएसबी लॉक चालतं, बहुतेक. सेटिंग्जमध्ये यूएसबीच्या पानावर २.० निवडा, ३.० नको, कारण एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नाही. मग लॉक लावून त्याचं फिल्टर, म्हणजे ते आपोआप आत द्यायची नोंद जोडा. लॉकचा ड्रायव्हर आत, एक्सपीमध्ये टाकायचा. लॉक आत गेलं की बाहेरच्या विंडोजला ते दिसेनासं होतं, तसंच व्हायला हवं. मात्र तुमचं लॉक प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लागणारं असतं तर मी या मार्गाला जा म्हटलं नसतं. आजच्या संगणकांना ते पोर्टच नसतं. तसं लॉक असलेल्या वाचकांनी आधी फाँटच्या कंपनीकडे यूएसबी लॉक बदलून मिळतं का ते विचारावं.

सगळं बसवून झाल्यावर एक परीक्षा घ्या. मागच्या दिवाळी अंकातलं दाट मजकुराचं, दोन स्तंभांचं एक पान आत उघडा आणि छापील अंक शेजारी घेऊन ओळीची शेवटची अक्षरं ताडून पाहा. पेजमेकर मजकूर बसवताना डॉक्युमेंट सेटअपमध्ये निवडलेल्या प्रिंटरचं माप धरतो. तो प्रिंटर आत नसेल तर ओळी सरकतात, एखादा शब्द खाली जातो आणि बत्तिसाव्या पानावरचा लेख तेहतिसाव्यावर सांडतो. जुन्या संगणकावर जे प्रिंटरचं नाव निवडलेलं होतं तोच ड्रायव्हर आत टाका, प्रिंटर प्रत्यक्ष नसला तरी चालेल. ओळी जुळल्या की काम झालं. एक पूर्ण अंक या मार्गाने बाहेर पडेपर्यंत जुना संगणक मोडीत काढू नका.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगते, कारण मला त्याची फार काळजी वाटते. तुमच्या त्या फायलींमध्ये मराठी अक्षरं नाहीत, फाँटच्या खुणा आहेत. फाँट नसलेल्या संगणकावर त्याच फायलीत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण २००१ साली आलेल्या पेजमेकर सातला युनिकोड येत नाही. म्हणजे तुमच्या गावच्या लेखकांच्या कथा, कविता, स्मरणिकांमधले गावचे इतिहास, हे सगळं एका लॉकच्या आणि एका फाँटच्या आड बंद आहे. व्हर्च्युअल मशीन तुम्हाला काही वर्षं मिळवून देईल. त्या वर्षांत हा मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्या.

कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. 'मूर्तिकार' हा शब्द घ्या. जुन्या फाँटमध्ये तो जसा दिसतो तसा साठवलेला असतो : मू, मग पहिली वेलांटी, मग त, मग रफार, मग का, र. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा : मू, मग अर्धा र, मग त, त्यानंतर वेलांटी. कन्व्हर्टरला वेलांटी पुढे न्यायची असते आणि रफार मागे, तेही एकाच अक्षराभोवती. इथेच गडबड होते. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला अर्धा र आणि जोडाक्षरावरची वेलांटी, उदाहरणार्थ 'स्थिती', हेही तपासायचं. एका लेखाचं रूपांतर करून त्याचं प्रूफ तुमच्या नेहमीच्या मुद्रितशोधकाकडून वाचून घ्या. चुका ठरावीक जागीच सापडतील. त्या यादीनुसार 'शोधा आणि बदला' करत गेलात की पुढचे लेख झपाट्याने होतात. दिवाळी अंकापासून सुरुवात करा, लग्नपत्रिका राहू द्या.

प्रश्न : मॅडम, मी जळगावात बीएस्सी कॉम्प्युटरला आहे. लॅबमधल्या संगणकांवर व्हर्च्युअलबॉक्स नाही आणि सर अ‍ॅडमिन पासवर्ड देत नाहीत. घरच्या लॅपटॉपवर उबुंटूची मशीन केली आहे, पण तीही फार हळू चालते आणि खाली हिरवं कासव दिसतं. एकच मशीन पेन ड्राइव्हवर घेऊन दोन्हीकडे चालवायची आहे. इन्स्टॉल न करता चालणारं 'पोर्टेबल' व्हर्च्युअलबॉक्स मिळतं म्हणतात, ते वापरू का?
— एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : ते पोर्टेबल पॅकेज वापरून तुझा प्रश्न सुटणार नाही. नावात काहीही असलं तरी चालू होताना तोच ड्रायव्हर गाभ्यात घालायचा असतो, आणि त्याला अ‍ॅडमिनची परवानगी लागतेच. क्यूईएमयू नावाचं फॅब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनशिवाय चालतं, पण मग प्रोसेसरची मदत मिळत नाही. प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरने भाषांतरित होते. चित्रमय डेस्कटॉप त्यात सुसह्य होणार नाही. नुसता काळा टर्मिनल असलेलं छोटं लिनक्स मात्र चालून जातं, आणि जीसीसी नि शेलच्या प्रॅक्टिकलला तेवढं पुरतं.

मी पॉलिटेक्निकच्या लॅबची जबाबदारी बरीच वर्षं सांभाळली आहे, त्यामुळे तुझ्या सरांची बाजू मला कळते. एका संगणकाचा पासवर्ड दिला की आठवड्यात तो सगळ्या वर्गाला माहीत असतो. पासवर्ड मागू नकोस. 'सर, सगळ्या संगणकांवर व्हर्च्युअलबॉक्स तुम्हीच बसवून द्याल का, आम्ही दहा जण वापरू' असं लिहून दे. अशी मागणी मान्य होते.

आता कासव. त्याचा अर्थ असा की तुझ्या लॅपटॉपवर विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय, आधीच चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या पाठीवर बसून चालावं लागतंय. विंडोज ११ मध्ये बहुतेक नव्या लॅपटॉपवर 'मेमरी इंटेग्रिटी' चालू असते, तिला हायपर-व्ही लागतं. ती बंद केली की बहुधा कासव जातं आणि वेग येतो. पण ती गाभ्यात घुसणाऱ्या व्हायरसपासूनचं संरक्षण आहे. त्याच लॅपटॉपवर घरच्यांचे बँकेचे व्यवहार होत असतील तर ती चालूच ठेव आणि उबुंटूच्या जागी हलका डेस्कटॉप असलेलं लिनक्स घे. मशीनला दोन कोअर आणि दोन जीबी रॅम दे, त्यात भागतं.

लॅबमध्ये बसवल्यावर 'व्हीटी-एक्स उपलब्ध नाही' असा संदेश आला तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. खाली 'व्हर्च्युअलायझेशन' समोर 'डिसेबल्ड' असेल तर ते बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमधून चालू करावं लागतं. इंटेलवर त्याला व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी म्हणतात, एएमडीच्या बोर्डांवर एसव्हीएम मोड. हेही काम लॅबवाल्यांचंच.

आणि तुझा सोर्स कोड मशीनच्या आत ठेवून हिंडवू नकोस. कोड गिटवर, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेव, कुठली पॅकेजेस टाकली त्याची एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहून ठेव. मग दोन्हीकडे वेगवेगळ्या मशीन असल्या तरी त्या सारख्याच वागतात आणि वीस जीबीची फाइल रोज बसमधून नेण्याची गरजच उरत नाही.

प्रश्न : मी पणजीत हिशेबाचं काम करतो. विंडोज ७ ची मशीन कित्येक वर्षं तीन लॅपटॉपवर फिरवली, कधी अडली नाही. मुलीने नवीन मॅकबुक घेऊन दिलं, त्यावर ती सुरूच होत नाही. फाइल खराब झाली का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : फाइल चांगली आहे, प्रोसेसर बदलला आहे. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आणला तेव्हापासून मॅक टप्प्याटप्प्याने एआरएम या वेगळ्या घराण्याच्या प्रोसेसरवर गेले. तुमचे आधीचे तिन्ही लॅपटॉप इंटेल-एएमडी घराण्यातले होते, त्यामुळे कधी जाणवलं नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये आतल्या प्रणालीच्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात, म्हणून ती वेगवान असते. तुमच्या विंडोज ७ च्या सूचना या मॅकला समजतच नाहीत. यूटीएम नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्या एकेक करून भाषांतरित करतं, पण त्यावर दिवसभर व्हाउचर टाकत बसणं जमणार नाही. जुनी वही उघडून एखादा आकडा पाहायला ठीक.

मॅकवर एआरएमचं विंडोज ११ बसवता येतं आणि ते जुने प्रोग्रॅम स्वतः भाषांतर करून बऱ्यापैकी वेगाने चालवतं. तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर लॉकशिवाय चालणारं असेल तर हे करून पाहा. लॉक असेल तर त्याचा ड्रायव्हर एआरएमसाठीच लिहिलेला हवा, जुन्या लॉकना तो नसतो. तसं असेल तर जुन्या तीन लॅपटॉपपैकी सगळ्यात धडधाकट घरी ठेवा, मशीन तिथेच चालू द्या आणि मॅकवरून रिमोट डेस्कटॉपने तिथे काम करा. विंडोज ७ ची सुरक्षा १४ जानेवारी २०२० ला संपली आहे, तेव्हा रिमोट जोडणी आतल्या विंडोज ७ ला नको, बाहेरच्या होस्टला द्या.

प्रश्न : संगणकात संगणक ही कल्पना अलीकडचीच ना?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : साठ वर्षांची आहे. आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६० च्या दशकात सीपी-४० आणि मग सीपी-६७ ही सॉफ्टवेअर तयार झाली. एका मेनफ्रेमवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या संगणकावर, प्रत्येकाला आपापला स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखं वाटायचं. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० हे उत्पादन म्हणून आणलं. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी कुठल्या प्रोसेसरवर हे नीट जमेल याच्या अटी गणिती शिस्तीत मांडल्या, आणि आपल्या टेबलावरच्या इंटेल घराण्याच्या प्रोसेसरमध्ये त्या बसत नव्हत्या. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने दुसऱ्याच वर्षी सॉफ्टवेअरच्या युक्तीने ते जमवून दाखवलं. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय केली. वर जळगावच्या विद्यार्थ्याला बायोसमध्ये जे चालू करायला सांगितलं ती हीच सोय.

प्रश्न : मशीन असलेली डिस्क रिक्षात विसरली तर? तीच माझी बॅकअपही आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : म्हणजे सध्या तुमच्याकडे बॅकअप नाही. दर शनिवारी मशीन शटडाउन करून पूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क घराबाहेर काढू नका. चालू मशीनची प्रत घेऊ नका, ती अर्धवट निघते. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या त्या क्षणाच्या स्थितीच्या नोंदी घेतल्या असतील तर स्नॅपशॉटचं फोल्डरही सोबत यायला हवं. त्यातली एक फाइल राहिली तर पुढचं काहीच उघडत नाही. मशीनमधलं 'स्नॅपशॉट' म्हणजे बॅकअप असं समजू नका, ते त्याच डिस्कवर असतं.

प्रत उघडून पाहायची असेल तर ती वेगळ्या संगणकावर उघडा. त्याच संगणकावर मूळ आणि प्रत दोन्ही जोडायला गेलात तर दोघांचा ओळख क्रमांक एकच असल्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स दुसरी नाकारतं.

हरवलेल्या डिस्कवरचं कुणी वाचू नये म्हणून बिटलॉकर टू गो ही विंडोजची डिस्क कुलूपबंद करायची सोय चालू करा. त्यासाठी एका संगणकावर विंडोज प्रो लागतं. होम आवृत्तीत ते चालू करता येत नाही, पण पासवर्ड देऊन उघडता मात्र येतं. रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यास डिस्क उघडायचा क्रमांक, छापून कपाटात ठेवा, त्याच डिस्कवर नको.